सातव्या पायरीवरचं नेट

४ मार्च

दादा,

नमस्कार वगैरे लिहीत नाही. तूही मला आशीर्वाद द्यायला टपून बसलेला नाहीस. फोनच केला असता, पण माझा नंबर तू बंद करून ठेवलायस आणि वहिनी माझा आवाज ऐकला की फोन आपटते. शिवाय तुझा जबडा तारांनी बांधलाय म्हणे, महिनाभर तोंड उघडायचं नाही. मग फोनवर बोलणार काय डोंबल! म्हणून कागद. वाचायला जबडा लागत नाही.

कामाचं तेवढं बोलतो. मला तुझी सही हवी आहे.

ठिणगीचा पेपर बंद पडला ते तुला माहीत आहे. का बंद पडला तेही तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. तंत्रविद्यालयाची निवड परीक्षा, सव्वीस फेब्रुवारी, सकाळी दहा ते एक, घरूनच द्यायची. घरी नेट असतंच असं धरून चाललेत साले. नेट तिसऱ्यांदा तुटलं की पेपर आपोआप बंद. माझ्या पोरीचा दहा एकेचाळीसला बंद झाला. शंभरातले सतरा प्रश्न झाले होते, आणि सतराच्या सतरा बरोबर होते असं ती म्हणते. ती खोटं बोलत नाही.

शाळेच्या मोठ्या बाईंना भेटून आलो. फेरपरीक्षा मिळते म्हणाल्या, पण अर्जाला नेट कंपनीचा उतारा जोडायचा. कधी तुटलं, किती वेळा तुटलं, सगळं त्यात येतं. आणि तो उतारा कंपनी फक्त ज्याच्या नावावर जोडणी आहे त्याला देते. म्हणजे तुला. तुझ्याकडच्या नेटच्या डब्यातही ती नोंद असते म्हणे, पण डबा मी फोडला. वीस मार्च शेवटची तारीख. ती गेली की ठिणगी गेली, कारण पुढच्या वर्षी ती वयात बसत नाही. मग तिने काय करायचं? माझ्याबरोबर गेटाच्या जाळ्या जोडत बसायचं?

तुला मारलं त्याबद्दल माफी मागेन अशी वाट बघत असशील तर बघत बस. आदल्या संध्याकाळी जिन्यात उभं राहून कोण म्हणालं होतं, "ग्राइंडरने डोकं उठवलंस, असाच दंगा केलास तर डबा काढून ठेवीन"? मी म्हणालो होतो का? दुसऱ्या दिवशी बरोबर पेपरच्या वेळी नेट गेलं, एकदा नाही, तीनदा. त्या दिवशी मी ग्राइंडरला हातही लावला नव्हता. पोरीला आवाज नको म्हणून. खाली दुकानात शांतपणे माझं ऑर्डरचं काम करत होतो. तिची किंकाळी ऐकली आणि तळपायाची आग मस्तकात गेली. वर आलो तर तू दारात उभा, काही झालंच नाही असा. वर तूच आधी हात उगारलास. मी दोन मारल्या. हातात हातोडी होती, वेल्डिंगवरची खपली झाडायची, ती होती म्हणून होती. मुद्दाम नेली नव्हती.

ठिणगीचा उजवा हात प्लास्टरमध्ये आहे. त्या गडबडीत जिन्यावरून पडली.

उतारा पाठव. ताबडतोब. तू बंद केलंस हे त्यात दिसेल म्हणून घाबरत असशील तर घाबर. मला त्याचंही काही नाही. पोरीचं वर्ष वाचव, मग तुझं-माझं बघू.

तुझा धाकटा


९ मार्च

दादा,

पाच दिवस झाले. कानात बोळे घातलेस का?

परवा आलो होतो. वहिनीने सांगितलंच असेल. तिच्या भावाच्या घरी लपून बसायची वेळ आली तुझ्यावर, त्याचंही खापर माझ्याच डोक्यावर. वहिनीने दार उघडलं नाही, खिडकीच्या गजांमधून बोलली. म्हणाली, "त्यांना नळीने पाजावं लागतं. तुम्ही चालते व्हा, नाहीतर जामीन रद्द करवते." ठिणगीची आई गेल्यापासून हीच बाई माझ्या पोरीची वेणी घालत होती! मी म्हणालो, फक्त सही. तिने खिडकी लावली. तिथल्या दाराबाहेरची टपालपेटी चेमटलीय ना, ती माझ्या मुठीने. बोटांची सालटी निघाली. पेटीच्या जागी कोणाचं तोंड असतं ते सांगायला नको.

मी डोकं फिरलेला माणूस आहे, सगळ्यांना ठाऊक आहे. पण हे एकदाचं नाही दादा. वर्षभराचं आहे, आणि मी वर्षभर मूग गिळून बसलो होतो.

तू पासवर्ड दिलास तेव्हा उपकार केलेस, मान्य. वहिनीने कागदावर लिहून दिला होता, तो अजून आरशामागे आहे. खाली आमच्या खोलीत तुझं नेट पोचत नाही, सातव्या पायरीपर्यंतच येतं. पोरगी वर्षभर सातव्या पायरीवर बसली. मांडीवर फळी, फळीवर तो जुना मोबाईल. वरून येणारा-जाणारा तिच्या डोक्यावरून पाय टाकणार. शाळेचा गृहपाठ नेटवरून पाठवायचा, विज्ञानाचे धडे नेटवर, चाचण्या नेटवर. आणि ऐन वेळी जायचं. ती वहीत टिपून ठेवायची. बावीस वेळा! गृहपाठावर 'उशिरा', 'उशिरा', 'मिळाला नाही'. पहिल्या पाचात असायची, एकतिसावी आली. बाईंनी प्रगतिपुस्तकात लिहिलं, 'घरून लक्ष द्यावे.' ते वाचून मी तिच्या थोबाडीत मारली. ती रडली नाही. म्हणाली, "बाबा, नेट जातं." मी म्हणालो, नाचता येईना ते सांगू नकोस.

आणि तुझा पोरगा, आपला प्रोफेसर? तोच डबा, तेच नेट, त्याच शाळेत, एक बाक पुढे. त्याचं एकदाही गेलं नाही. मी विचारलं होतं त्याला गच्चीवर, आठवतंय ना? "काका, माझं कधीच जात नाही." एका डब्यातून दोन पोरं पाणी पितात आणि एकाच्याच घशाला कोरड पडते, हे कसं? कोणीतरी चावी फिरवतंय म्हणूनच ना! तेव्हापासून माझ्या डोक्यात किडा होता. त्या दिवशी तो बाहेर पडला, एवढंच.

बापाचा पट्टा मी विसरलेलो नाही. तो काढायचा तेव्हा तू मध्ये उभा राहायचास, मी तुझ्या पाठीमागे. तुझ्या पाठीवर बक्कलची खूण आहे, ती माझ्या वाट्याची होती. पण ती आयुष्यभर ऐकवणार आहेस का? तू कधी ऐकवलं नाहीस, खरं आहे. पण तू गप्प बसलास की मला तेच ऐकू येतं.

काल इथे वरच्या मजल्यावर तुझ्या बंद दारासमोर गॅस कटर घेऊन उभा होतो. आत नेटचं बिल असेल, त्यावर ग्राहक क्रमांक असेल, तो घेऊन मीच कंपनीत जाईन असं ठरवलं. तुझी जाळी मीच केलेली, कुठे कापायची ते मला पक्कं माहीत. ज्योत पेटवली आणि ठिणगी येऊन जाळीला पाठ लावून उभी राहिली, प्लास्टरचा हात छातीशी धरून. म्हणाली, "आधी मला कापा." मी ओरडलो, सरक. ती सरकली नाही. तिच्या डोळ्यांत मी ज्योत बघितली आणि झडप बंद केली.

तिने माझ्याशी बोलणं टाकलंय. भात वाढून ठेवते आणि आत जाते.

अकरा दिवस उरलेत. सही कर. नाहीतर पुढच्या वेळी टपालपेटीवर थांबणार नाही.

धाकटा


१४ मार्च

दादा,

उतारा मिळाला. ठिणगीच्या नावाने पाठवलास, माझ्या नावाने नाही, ते बरोबर केलंस.

कसं लिहू ते कळत नाही. तीन कागद फाडले.

उतारा आला त्या दुपारी ती दुकानात आली. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. स्टुलावर बसली, मांडीवर उतारा, शेजारी तिची वही. मी एक गेट जोडत होतो. म्हणाली, "बाबा, थांबा." मी मुखवटा वर केला. ती म्हणाली, "तुम्ही जेवायला बसता तेव्हा एकदाही तुटलेलं नाही."

मला काही कळेना.

"एक ते दोन, वर्षभरात एकदाही नाही. सोमवारी दुकान बंद असतं, सोमवारी एकदाही नाही. दिवाळखोर हॉटेलवाल्याच्या जिन्याचं काम तुम्ही त्याच्याकडे जाऊन केलंत ना, ते नऊ दिवस. नऊच्या नऊ दिवस नेट चालू."

मी म्हणालो, मग? काकाला माझ्या जेवणाच्या वेळा पाठ आहेत.

तुझ्या फुटक्या डब्याचा चार्जर तिने उचलून ठेवला होता, वायरीला लागतो तो. त्याच्यावर बारका हिरवा दिवा असतो. तिने तो तुमच्या वरच्या मजल्याकडे जाणाऱ्या वायरीवरच्या प्लगला लावला, जिन्याखालच्या. दिवा लागला. म्हणाली, "आता टाका."

मी वेल्डिंगची काठी टेकवून आर्क टाकला. हिरवा दिवा गेला. काठी उचलली, दिवा आला. परत टाकला, गेला. परत.

दादा, माझं मशीन लागलं की घरातला बल्ब डोळा मारतो, हे आपल्या घरात सगळ्यांना माहीत आहे. तू हसायचास, "लागला वाटतं धाकटा कामाला." तुझ्या फ्रिजला त्यासाठी तो वीज सावरणारा जाडजूड ठोकळा बसवलाय. पण नेटचं कोणाच्या डोक्यात येणार? पोरगी मोबाईलवर, मोबाईलला स्वतःची बॅटरी. तो विझत नाही. वरचा डबा तुझ्या कपाटावर, तो क्षणभर विझतो आणि उठायला चार मिनिटं घेतो, ते कोण बघतंय? वेल्डिंगवाल्याला आपल्या मशीनने वीज खाली बसते हे कळत नाही असं होतं का? मला कळत होतं. मी ते फक्त बल्बसाठी धरलं होतं.

आणि प्रोफेसरचं का जात नव्हतं, तेही तिनेच सांगितलं. त्याच्या मोबाईलमध्ये त्याचं वेगळं नेट भरलेलं असतं. डबा गेला की मोबाईल आपोआप त्याच्यावर जातो, पोराला पत्ताही लागत नाही. त्याचंही बावीस वेळा गेलं होतं. त्याला कळलं नाही, एवढंच. माझ्या पोरीच्या मोबाईलमध्ये काही नव्हतंच. ती पायरीवर चार-चार मिनिटं नुसती बसून राहायची, आणि वर जाऊन विचारायची लाज वाटायची तिला.

त्या दिवशी ऑर्डरचं काम नव्हतं. मी खोटं लिहिलं. मी तिच्यासाठी टेबल करत होतो. पेपर संपवून उतरली की समोर टेबल, पायरीवरचं बसणं संपलं, असं मनात होतं. ग्राइंडरचा आवाज होतो म्हणून तो लावला नाही. वेल्डिंगला आवाज नसतो म्हणून तेवढं केलं. उताऱ्यात बघ, दहा चौदा, दहा सव्वीस, दहा एकेचाळीस. पहिला पाय, दुसरा पाय, तिसरा पाय. चौथा राहिला.

आणखी एक. ती पडली नाही. मी वर धावलो तेव्हा तिने मागून माझा शर्ट धरला होता, "बाबा नका, बाबा नका" करत. मी झटकली तिला. सातव्या पायरीवरून खाली गेली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला आणि तरी थांबलो नाही, वर आलो.

आणि तुला दोन नाही मारल्या. पाच.

आता अर्जाचं. बाईंकडून फॉर्म आणलाय. त्यात एक रकाना आहे, 'व्यत्ययाचे कारण'. खाली बारीक अक्षरात नियम आहे. विद्यार्थ्याच्या घरातल्या कारणाने, म्हणजे वीज, यंत्र, घरच्यांची चूक अशा कशाने तुटलं असेल तर फेरपरीक्षा नाही. कंपनीने किंवा ज्याच्या नावावर जोडणी आहे त्याने बंद केली असेल तरच. मी बाईंना विचारलं, शाळेत बसवा ना तिला. शाळेत दहा कॉम्प्युटर आहेत, त्यातले चार चालतात, आणि परीक्षा घरूनच घ्यायची असा नियम आहे.

ठिणगीने फॉर्म डाव्या हाताने भरला. नाव, इयत्ता, तारीख, सगळं. तो रकाना कोरा आहे. जोडणीवाल्याची सही लागते म्हणून फॉर्म सोबत ठेवला आहे.

मी काही म्हणत नाही.

धाकटा


१९ मार्च

दादा,

काल मोठ्या बाईंनी बोलावून घेतलं. तुझा प्रोफेसर फॉर्म देऊन गेला होता. बाईंनी चष्मा लावला आणि मला मोठ्याने वाचून दाखवलं. 'भावाशी झालेल्या भांडणाच्या रागात मी स्वतः तीन वेळा जोडणी बंद केली. मुलीचा यात काही दोष नाही.' खाली तुझी सही. कचेरीत नोंदवह्या लिहिणारा माणूस तू, तुझं अक्षर कसं छापल्यासारखं असतं. ही सही वाकडी होती.

फेरपरीक्षा मंजूर झाली. पंचवीस तारीख, दहा वाजता.

मी खुर्चीवर बसून राहिलो. बाई म्हणाल्या, "सख्खा काका असं करतो म्हणजे कमालच आहे. तुमचा राग मी समजू शकते." त्या मला पाणी देत होत्या, दादा! मला!

मागच्या पत्रात मी 'रकाना कोरा आहे' लिहिलं आणि थांबलो. मागितलं नाही, पण दार उघडं टाकून ठेवलं, आणि तू आत येणार हे मला माहीत होतं. तू नेहमीच येतोस. लहानपणी मी पाठीमागे उभा राहायचो तेही असंच होतं. मी कधी तुला म्हणालो नाही की मध्ये ये.

आता ऐक गावभर काय झालंय. शाळेत जे बोललं जातं ते संध्याकाळपर्यंत गल्लीत. हवालदार दुकानात येऊन गेला. खुशीत होता. म्हणाला, "त्याने कबूल केलंय म्हणे. मग तुझी केस हलकी होईल. पोरीच्या भविष्यावर उठल्यावर कुठल्या बापाचा हात थांबेल?" समोरचा टायरवाला तर हातात चहाचा कप घेऊन आला, माझ्यासाठी. पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "बरा ठोकलास. मी असतो तर जिवंत सोडला नसता."

मी त्याचा गळा धरला. खरंच सांगतो. धरून शटरवर आपटला, कप फुटला, त्याचे पाय जमिनीवरून सुटले. तो डोळे पांढरे करून विचारतोय, "अरे काय झालं? तुझीच बाजू घेतोय ना!" आणि मला कारण सांगता येईना. काय सांगू? माझा भाऊ निर्दोष आहे म्हणून सांगू? मग बाईंच्या कानावर जाईल, मग परीक्षा रद्द. सोडला त्याला. कपडे झटकून दिले. तो म्हणाला, जाऊ दे, तुझं डोकं ठिकाणावर नाही सध्या. त्यानेच मला माफ केलं.

ठिणगीला सगळं कळलंय. काल रात्रीच्या भाताला ती समोर बसली, पहिल्यांदाच. म्हणाली, "काका खोटं बोलले. माझ्यासाठी." मी म्हणालो हो. "आणि आता सगळे त्यांना वाईट म्हणणार." मी म्हणालो हो. मग ती डाव्या हाताने जेवत राहिली. शेवटी म्हणाली, "परीक्षा देऊन झाली की तुम्ही काय करणार?"

मी तिच्या ताटात भात वाढला.

तुझी चिठ्ठी मिळाली. 'मुलीला इकडे पाठव. इथून परीक्षा देईल. पुढेही इथेच राहू दे. तू येऊ नकोस.' चार वाक्यं. पाठवतो. तिची बॅग तिनेच भरली, मी विचारायच्या आधी. वहीसुद्धा नेते आहे, बावीसवाली.

तिचा हात अजून दुखतो, रात्री जास्त. वहिनीला सांग.

धाकटा


२५ मार्च, सकाळी दहा वाजून पाच मिनिटं

दादा,

सुरू झाली असेल. दुकानात बसून लिहितोय. मशीन बंद आहे.

येडेपणा आहे, ठाऊक आहे. तुमचं ते घर इथून बस बदलून जायचं, तिथली वीज वेगळी, तार वेगळी, खांब वेगळा. मी इथे दिवसभर आर्क टाकला तरी तिच्या मोबाईलला ढिम्म होणार नाही. तरी मी नऊलाच मेन स्विच पाडला आणि फ्यूज काढून खिशात ठेवला. एक वाजेपर्यंत खिशातच राहील.

प्रोफेसरने आपला मोबाईल दिलाय तिला, दोन्ही नेट असलेला. कळलं मला. त्याला सांग, काका म्हणाला, शहाणा आहेस. नको, माझं नाव सांगू नकोस.

दहा वीस. टेम्पोवाला आला होता. मागच्या फळीचा हुक तुटलेला, गाडीत माल भरलेला, दोन मिनिटांचं काम. मी म्हणालो, एक वाजता. तो म्हणाला, वीज आहे की, समोर दिवा दिसतोय टायरवाल्याकडे. मी म्हणालो, मशीन चालणार नाही. त्याने कॉलर धरली. मी बसलेलाच. "काम करायचं नसेल तर दुकान कशाला उघडतोस रे?" आणि ठेवून दिली एक. सणसणीत. कानात शिट्टी वाजली.

तू मला ओळखतोस. आजवर माझ्या अंगावर हात टाकून कोणी आपल्या पायांनी घरी गेलेलं नाही. हातोडी हाताशीच होती, तीच, पोलिसांनी नेली नव्हती, त्यांना दुसरीच दिली होती मी. हेही आज सांगून टाकतो. मी दोन्ही हात मांडीखाली घेतले आणि त्याच्यावर बसून राहिलो, शाळेतल्या पोरासारखा. त्याने दुसरी मारली. ओठ फुटला. मग टायरवाला धावत आला आणि त्याला म्हणाला, "अरे, कोणावर हात टाकतोयस? याने सख्ख्या भावाचा जबडा फोडलाय!" टेम्पोवाला घाबरून निघून गेला. टायरवाला छाती फुगवून उभा, जणू त्याचंच शौर्य.

दहा एकेचाळीस झाले. एकेचाळीसचे बेचाळीस होईपर्यंत मी श्वास घेतला नाही.

ठिणगीने विचारलं होतं, परीक्षा झाल्यावर तुम्ही काय करणार. हे करणार. सोबत एक वेगळा कागद आहे, घडी घालून. त्याखाली माझी सही आणि अंगठा दोन्ही आहे. निकाल लागून तिचा प्रवेश पक्का झाला, फी-बी भरून ती वर्गात बसली, की त्याच दिवशी तो चौकीत दे. एक दिवस आधी नको. मी स्वतः नेला असता, पण माझा भरवसा नाही. त्या दिवशी सकाळी माझं डोकं फिरेल, भीती वाटेल, म्हणेन जाऊ दे, केस हलकी झालीय तर होऊ दे. म्हणून तुझ्या हातात देतो. या वेळी तू मध्ये उभा राहू नकोस.

तुझ्या सहीचं काय होईल त्याचाही विचार केला. कागदात लिहिलंय की तुला ती सही करायला मी भाग पाडलं, धमकीची पत्रं लिहून. ते खोटं नाही. नऊ तारखेचं पत्र जपून ठेव आणि सोबत दे.

टेबल तीन पायांवर भिंतीला टेकवून ठेवलंय. चौथा पाय जोडावासा वाटत नाही. तिला हवं असेल तर सांग, जोडून टेम्पोने पाठवेन. नको असेल तर मोडून भंगारात घालतो.

कागद इथेच उतरवून ठेवतो, म्हणजे घडी उघडायच्या आधी तुला कळेल त्यात काय आहे.

'मी राजीखुशीने लिहून देतो की सव्वीस फेब्रुवारीला माझ्या भावाने नेट बंद केलं नव्हतं. ते माझ्या वेल्डिंग मशीनमुळे गेलं. मी खरं न बघता त्याला हातोडीने पाच वेळा मारलं. चौथ्या आणि पाचव्या वेळी तो खाली पडलेला होता. त्याआधी माझ्या मुलीला मी जिन्यावरून ढकललं. पोलिसांना मी सांगितलं होतं की भावाने आधी हात उगारला. ते खोटं आहे. त्याने हात उचलला होता तो कपाटाकडे, डब्यावरचा हिरवा दिवा मला दाखवायला. तो म्हणत होता, "चालू आहे रे, बघ तरी." मी बघितलं होतं. दिवा लागलेला होता. मग मी मारलं.'

धाकटा